पोटावरची जांभळी खूण
मासळीबाजारातून जाताना कोयत्याचा आवाज आला की मला ठाण्याच्या वॉर्डातली ती कोळीण आठवते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तिच्या किडन्या निकामी झालेल्या. घरीच डायलिसिस करता यावं म्हणून पोटात नळी बसवायची होती. थोरले सर्जन म्हणत, छेद देऊन, डोळ्यांनी बघून घालू. धाकटे नुकतेच दुर्बीण शिकून आलेले, त्यांना बारीक भोकांतून काम करायचं होतं. मी नवखी डॉक्टर. ती खाटेवर आडवी असताना, नळी पोटातून बाहेर येणार त्या जागी जांभळ्या शाईची खूण करून वाद ऐकत उभी. शेवटी तीच म्हणाली, "कशीपन घाला. मना खाली बसून म्हावरा कापाचा हाय, तवा नली टोचल का?" धाकटे हसले, "बसून दाखवा बघू." तिनं लुगडं कंबरेला घट्ट खोचलं, फरशीवर बसली आणि समोर कोयता असल्यासारखे हात चालवू लागली. मधेच, नसलेल्या गिऱ्हाइकावर खेकसलीसुद्धा. माझी खूण खोचलेल्या लुगड्याखाली गेली होती. तिथं नळी रोज दाबली गेली असती; खूण पुसून मी वर केली. नळी छेद देऊनच घातली. आजही खूण करण्याआधी मी पेशंटला विचारते, बरं वाटल्यावर कामाला कसे बसणार?