मागे कुणीतरी हवं होतं

एक्केचाळिसाव्या वर्षी मी पळायला लागलो. मेहरूण तलावाभोवती सकाळी निम्मं जळगाव फिरायला येतं. पहिले दोन महिने त्यातलं प्रत्येक माणूस मला मागे टाकून गेलं. कॉलेजातली पोरं गेली, डोक्याला स्कार्फ बांधलेल्या बायका गेल्या, एकदा तर एक म्हातारे गृहस्थ नुसते चालत चालत गेले. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. वर्गात माझ्यापुढे कुणी तोंड उघडत नाही. तलावावर मात्र मी सगळ्यांच्या मागे होतो, आणि हे मला रोज घरी जाऊन आठवायचं.

अशातच एका सकाळी आबा दिसले. आबा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतले परिचर. वय बावन्न, शिंदखेड्याकडचे, अंगाने जड. नुकतीच साखर निघाली होती आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. मला पळताना पाहून ते लाजत म्हणाले, "सर, माले पयता येई का?"

"येईल की. या माझ्या मागे."

आबा आले. पायात कॅनव्हासचे बूट, कमरेला पट्ट्याने आवळलेली ऑफिसचीच पँट. शंभर पावलांत त्यांना धाप लागली. मी मागे वळून पाहिलं आणि मला जे वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला आनंद झाला. माझ्या मागे एक माणूस होता.

"रोज या," मी त्यांना म्हणालो. त्यांना वाटलं, सर किती आपुलकीने बोलावतात.

चार महिने आम्ही सोबत पळालो. सोबत म्हणजे मी पाच पावलं पुढे, आबा पाच पावलं मागे. त्यांनी वेग वाढवला की मीही वाढवायचो. स्टाफरूममध्ये मी त्यांच्या पळण्याची नक्कल करायचो. पोट पुढे, हात पंख्यासारखे आणि तोंडाने हाश्शहुश्श. सगळे हसून लोळायचे. एकदा नक्कल रंगात आलेली असताना आबाच चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. तेही हसले. एकेका टेबलावर कप ठेवत गेले, माझ्यापुढेही ठेवला.

मग धुळ्याला हाफ मॅरेथॉन असल्याचं कळलं. मी एकवीस किलोमीटरसाठी नाव नोंदवलं आणि आबांना म्हणालो, "तुम्ही पाचचं करा."

"तुमी एकवीस, ते मी बी एकवीस," आबा म्हणाले.

खरं तर मी त्यांना थांबवायला हवं होतं. साखरेचा माणूस, तयारी जेमतेम बारा किलोमीटरची. पण त्या क्षणी माझ्या मनात एवढंच आलं, की म्हणजे आपण शेवटचे येणार नाही. त्यांचा फॉर्म मीच माझ्या मोबाइलवरून भरला.

आदल्या दिवशी दुपारी आम्ही एसटीने धुळ्याला गेलो आणि देवपुरात आबांच्या मोठ्या बहिणीकडे उतरलो. सगळे त्यांना अक्का म्हणायचे. अक्कांनी दिवेलागणीलाच वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली. मला आग्रह करकरून वाढलं. भावाच्या ताटात मात्र मोजून. नंतर एका कागदात गुळाचे तीन खडे बांधून त्यांनी आबांच्या खिशात घातले आणि मला म्हणाल्या, "पळता पळता साखर उतरनी ते हाई खावानं, आसं डॉक्टरनी सांगेल शे. मना भाऊकडे ध्यान ठेवा, सर."

"काळजी करू नका, अक्का. मी आहे," मी म्हणालो.

सकाळी सहाला शर्यत सुटली. आबा पहिल्या वळणावरच मागे पडले. मी पांझरेचा पूल ओलांडला आणि शहराबाहेरच्या रस्त्याला लागलो. अर्धं अंतर गेल्यावर रस्त्यात ठेवलेल्या पिंपाला वळसा घालून परत यायचं होतं. परतताना समोरून आबा येताना दिसले. शर्ट भिजून अंगाला चिकटला होता. मला पाहून त्यांनी दोन्ही हात वर केले आणि ओरडले, "भारी, सर!"

मी हात केला नाही. आमच्यात किती अंतर पडलंय, त्याचा अंदाज घेत होतो.

सोळाव्या किलोमीटरनंतर माझ्या उजव्या पोटरीत गोळा आला. पहिल्यांदा मी लंगडत राहिलो, मग दुभाजकावर बसलो. पाय दगडासारखा झाला होता. फेब्रुवारी संपत आला होता आणि आठच्या आतच ऊन टोचायला लागलं होतं. धावणारे बाजूने जात राहिले. कुणी "सर, ठीक ना?" असं पळता पळता विचारलं, कुणी तेही नाही. किती वेळ बसलो ठाऊक नाही. थांबले ते फक्त आबा.

"काय झाये, सर? पाय सोडा. आसा." ते डांबरावर मांडी घालून बसले, माझा बूट काढला, पाऊल स्वतःच्या छातीशी टेकवून बोटं मागे दाबत राहिले. दुखून मी त्यांना शिवी दिली. त्यांनी ती न ऐकल्यासारखी केली. मग खिशातला कागद सोडून गूळ माझ्यापुढे धरला.

तो गूळ कशासाठी होता, मला माहीत होतं. मी तिन्ही खडे खाल्ले.

पोटरी सुटली. आम्ही निघालो, थोडं चालत, थोडं पळत. आता आबा बोलत नव्हते. विसावा किलोमीटर संपताना शिट्टी घेऊन उभा असलेला एक स्वयंसेवक ओरडला, "तीन तासांनंतर मेडल नाही! दहा मिनिटं राहिली!"

आबांचा चेहरा पांढरा पडला होता. घाम पाण्यासारखा निथळत होता. त्यांनी माझी बाही धरली. "सर, जरासा हात द्या. डोयासमोर अंधारी येस."

मी घड्याळाकडे पाहिलं. मग त्यांची बोटं बाहीवरून सोडवली. ओढून नाही, एकेक करून, हळूच.

"आबा, तुम्ही हळूहळू या. मी पुढे जाऊन सांगतो त्यांना, थांबतील."

"हां, सर."

मी पळालो. त्या शेवटच्या टप्प्यात मी जसा पळालो तसा आयुष्यात कधी पळालो नव्हतो. दोन तास अठ्ठावन्न मिनिटं. गळ्यात मेडल पडलं. फोटो काढून घेतला, रांगेत उभं राहून उपमा घेतला. वेळ टिपणाऱ्यांचं टेबल माझ्यापासून दहा पावलांवर होतं. मी तिकडे गेलो नाही. कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित ते थांबले असते, कदाचित एखादी गाडी पाठवली असती. ते थांबतील, याचीच मला जास्त भीती वाटत होती.

आबा आले तेव्हा साडेनऊ होत आले होते. कमान उतरवली होती, मेडलांची खोकी टेम्पोत चढली होती. एका पोलीस शिपाई बाईने त्यांना दंडाला धरून आणलं. वाटेत ते मटकन खाली बसले होते, तिनेच कुठून तरी सरबत आणून पाजलं, असं ती म्हणाली. मला पाहून आबांनी विचारलं, "सर, तुमी सांगं ना त्यासले?"

"सांगितलं, आबा. ऐकलंच नाही त्यांनी."

मागून आवाज आला, "मी ते आठेच उभी व्हतू, सर."

अक्का होत्या. भावाला पाहायला आल्या होत्या, हातात पाण्याची बाटली घेऊन. मी इथेच उभी होते, एवढंच त्या म्हणाल्या. त्या वेळ टिपणाऱ्यांच्या टेबलाला टेकून उभ्या होत्या. माझा फोटो, माझा उपमा, सगळं त्यांनी पाहिलं होतं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तोवर त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि पदराने भावाचं तोंड पुसायला लागल्या.

सोमवारी कॉलेजात प्राचार्यांनी माझा शाल आणि नारळ देऊन सत्कार केला. शालीचं तबक आबांनीच धरलं होतं. प्राचार्यांनी हसत विचारलं, "आबा, तुमचं कसं झालं?"

त्यांनी उत्तर द्यायच्या आत मीच म्हणालो, "आबांना आणायला टेम्पो पाठवावा लागणार होता!"

सगळे हसले. या वेळी आबा हसले नाहीत. तबक टेबलावर ठेवून ते बाहेर गेले.

त्यानंतर ते तलावावर यायचे, पण उलट्या दिशेने फिरायचे. समोर आले की "नमस्कार, सर" म्हणायचे आणि पुढे जायचे. मी मनाची समजूत घातली, साधा माणूस आहे, विसरला. काही दिवसांनी तर मला पक्कं वाटायला लागलं, की त्यांनी मला माफ केलंय.

दोनेक महिन्यांनी अकरावीची प्रॅक्टिकल परीक्षा संपल्यावर प्रयोगशाळेत आम्ही दोघेच उरलो. आबा बेसिनपाशी परीक्षानळ्या धूत होते. का कोण जाणे, मी म्हणालो, "आबा, त्या दिवशी मी कुणाला काही सांगितलं नव्हतं."

"माले माहीत शे."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी नळी उजेडात धरून पाहिली, पुन्हा ब्रश घातला.

"बोलीसन काय व्हतं, सर? मनी नोकरी तुमना हातखाले शे. आजून सहा वरीस काढना शेत." आणि मग नळी स्टँडवर ठेवत, माझ्याकडे न पाहता, "तुमना पायबी मी नोकरीकरताच दाबा, आसं समजा नका. तो मी मनपासून दाबा."

मी तिथेच उभा राहिलो.

"जरा सरका, सर," आबा म्हणाले, "अ‍ॅसिडन्या बाटल्या उचलन्या शेत."

मी सरकलो.