लाईनखाली माणसं होती

"मेश्राम, सेक्शन क्लिअर आहे की नाही तेवढं सांगा. मी लाईन चार्ज करतो."

फोनवर आमचे एक्झिक्युटिव्ह इंजिनियर होते. मी रसमडा गावाच्या पुढे झुडपी जंगलात, टॉवरजवळ उभा होतो. डोळ्यांत धूळ, दातांखाली धूळ. समोर आग.

मी तेव्हा हाय टेन्शन लाईनच्या मेंटेनन्सला होतो. ही लाईन नदीवरच्या पंपहाउसला वीज द्यायची आणि तिथून भिलाईतल्या बऱ्याच वस्त्यांना पाणी यायचं. त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. नदीत नुसती डबकी उरली होती. दुपारी अंधड, म्हणजे धुळीचं वादळ, आलं, भरदिवसा अंधारलं आणि लाईन ट्रिप झाली. ट्रिप म्हणजे लाईनमध्ये फॉल्ट आला की ब्रेकर आपोआप वीज तोडतो. मग आम्ही लाईनखालून फिरायचं, फॉल्ट शोधायचा, कंट्रोल रूमला 'क्लिअर' कळवायचं. त्यानंतर लाईन चार्ज करायची, म्हणजे तिच्यात पुन्हा वीज सोडायची.

फॉल्ट शोधावा लागलाच नाही. तारांखालचं वाळलेलं गवत आणि पाचोळा पेटला होता. कुठून पेटला कोण जाणे. वारा आग ढकलत होता आणि धूर थेट तारांना भिडत होता. लाईन चालू असली तर दाट धूर आणि तापलेली हवा यांतून करंट तारेवरून जमिनीवर उडी घेतो. त्या क्षणी खाली जो असेल, तो वाचत नाही.

खाली दहा-बारा बाया होत्या. पळसाच्या हिरव्या फांद्या घेऊन आग झोडपत होत्या. पुरुष कारखान्यांत ड्यूटीवर गेलेले.

माझा लाईनमन रामटेके त्यांच्यावर ओरडला, "हटा तिथून! वर तार आहे!"

कपाळावर काजळी माखलेली एक बाई मागे वळली. तिचं नाव सुखमती, हे मागाहून कळलं. "हमन हटबो त पैरा जर जाही, साहेब. गरुवा मन का खाही?"

पैरा म्हणजे आपलं तणस, भाताचा पेंढा. बायांच्या मागे वस्ती होती आणि वस्तीच्या तोंडाशीच तणसाचे ढीग. त्या दुष्काळात गुरांना दुसरं काहीच नव्हतं. बाया हटल्या असत्या तर आधी तणस गेलं असतं, मग घरं.

मी साहेबांना सांगितलं, "क्लिअर देता येत नाही. खाली गावातल्या बाया आहेत."

"त्यांना बाजूला करा ना. पंपहाउस बंद आहे, मेश्राम. मला सगळीकडून फोन येऊन राहिले."

"त्या हटत नाहीत, साहेब."

"आपला स्टाफ तर बाहेर आहे ना?"

प्रश्न नियमाचा होता. स्टाफ लाईनवर असेल तर चार्जिंग करायचं नाही. गावातल्या बायांबद्दल नियमात काही नव्हतं. मी रामटेकेकडे पाहिलं. तो फांदी तोडूनच राहिला होता. मीही एक फांदी ओढली.

"सर, तुमी कावून येता? मी जातो."

"तू एकटा गेला त साहेब तुले मागे बोलावतीन. चाल."

मग फोनवर म्हणालो, "साहेब, मी आणि रामटेके लाईनखाली जाऊन राहिलो. स्टाफ लाईनवर आहे."

"मुद्दाम करून राहिले तुम्ही?"

"हो, साहेब."

"लोकांच्या पाण्याचं काय?"

"माझंबी घर भिलाईतच आहे, रिसालीत. नळ तिथंबी कोरडाच आहे."

त्यांनी फोन ठेवला. लाईन चार्ज झाली नाही.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. फांदी जळाली की दुसरी तोडायची. हाताचे केस जळाले, बुटाचा तळ मऊ पडला. धुरात शेजारचा माणूस दिसत नव्हता, नुसता खोकला ऐकू यायचा. तणसाचा एक ढीग गेला. उन्हं उतरताना वारा पडला आणि आग बसली.

तेव्हा सुखमतीने हाक मारली, "बिसाहिन?" बिसाहिन तिची मोठी जाऊ. ती एका ढिगाला टेकून बसली होती. श्वास धापेसारखा, ओठ काळे. आमच्या जीपने तिला दुर्गच्या दवाखान्यात नेलं. सुखमतीने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. पोहोचण्याआधीच बिसाहिन गेली.

मी त्या संध्याकाळीच क्लिअर दिला. दुसऱ्या दिवशी रिसालीत नळ आले. बायको म्हणाली, पाणी गढूळ आहे.

साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. ओरडतील असं वाटलं होतं. ते हळूच म्हणाले, "लाईन बंद ठेवली, तरी बाई गेलीच ना."

"हो, साहेब. बाकीच्या घरी गेल्या."

त्यांनी खुर्ची दाखवली. मग त्यांनी माझ्यासमोरच कंट्रोल रूमला फोन लावला आणि सांगितलं, यापुढे क्लिअर घेताना 'स्टाफ बाहेर आहे का' एवढंच विचारू नका. लाईनखाली कोणीही आहे का, ते विचारा.

नवीन पोरं ट्रेनिंगला आली की मी त्यांना एवढंच सांगायचो. लाईन बंद ठेवली तर लोक शिव्या देतात. त्या ऐकून घ्यायच्या. बंद लाईन केव्हाही चालू करता येते.