शेवटची बांधी

त्रेपन्न सालची दिवाळी होऊन गेली. धानपट्ट्यातल्या गोरेगावकडच्या एका गावात सगळ्यांचे धान खळ्यावर आले, पण देवकाबाईच्या शेतात तळ्याच्या पाळीखालची एक बांधी, बांधांमधला धानाचा तुकडा, अजून उभी होती. लोंब्या वाकल्या, दाणे मातीत झडू लागले, तरी ती तिकडे कापायला इळा नेईना.

कारण गावाला ठाऊक होते. लेक धुरपता बाळंतपणात गेली, तेव्हापासून नात रुख्मा देवकाबाईनेच वाढवली. पोळ्याच्या सुमारास जावई रामलाल तिरोड्याकडून आला. त्याने दुसरे लग्न केले होते. आता मुलीला घरी नेतो म्हणाला. "धान कापून होऊ द्या, मग न्या," देवकाबाई बोलून गेली. तेव्हा धान हिरवेगार होते आणि कापणी फार लांब वाटली होती. शब्द मोडणे तिच्या स्वभावात नव्हते. लांबवणे तेवढे हातात होते.

शेजारची सुलोचनाबाई सकाळी झेंडू मागायला आली.

"दोन फुलं दे वो देवका. आज आमच्या खळ्याची पूजा हाय."

"वरची तोड. खालची राहू दे, ती पोरीची."

घरापुढच्या छपरीसमोर झेंडूच्या झाडांत रुख्मा हाताला येईल ते फूल खुडून पाकळ्या उधळत होती.

"हे तं झाडं भादरून राहिली तुये."

"भादरू दे. पाखरं नाही का नासवत?"

सुलोचनाबाई ओच्यात फुले घेऊन तिथेच टेकली. "अन् धान? तेही पाखरांसाठीच ठेवलं का? अर्धं झडलं ना."

"कंबर दुखून राहिली मायी."

"तुयी कंबर दुखते, अन् तुये मालक उमरावभाऊ कायले बसून हायत?"

"त्याइले मीच थांबवलं." देवकाबाईने नजर वर केली नाही. "मले मालूम हाय तू काय म्हननार."

"मी काही म्हनत नाही. बाप हाय तो तिचा, एवढंच."

"वाईट असता तं भांडली असती मी. वाईट बी नाही ना तो."

सुलोचनाबाई फुले सावरत उठली. तेवढ्यात गाडीच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज आला.

रामलाल छपरीत बसला, पाणी प्याला. येताना त्याने उभी बांधी पाहिली होती. रुख्मा आजीच्या लुगड्याआड लपली. तिने ओळखले नाही, हे त्याला फार लागले असावे. पाण्याचा गडू खाली ठेवून तो सासूला म्हणाला, "मामी, इळा द्या."

"जवायानं कापू नये, बापू," उमराव आतून म्हणाला.

"घरचंच हाय ना, मामाजी."

देवकाबाईने वळचणीला खोचलेला इळा काढून दिला आणि नातीला कडेवर घेऊन त्याच्या मागे गेली. रामलाल खाली वाकून, हळू हाताने कापत होता. दाणा झडू नये म्हणून मूठ जपून आडवी ठेवत होता. देवकाबाई बराच वेळ बांधाच्या धुऱ्यावर उभी राहिली. आडवे पडलेले धान उन्हात तडकू लागले, तसे तिला बघवेना. रुख्माला सावलीत बसवून ती भारे बांधायला बांधीत उतरली.

"राहू द्या मामी, मी बांधतो."

"झडते ते," ती म्हणाली. "लवकर बांधलं पायजे."

दुपार कलताना बांधी मोकळी झाली. गाडीत पेंढा देवकाबाईनेच अंथरला. पोरीला हादरे बसू नयेत म्हणून जाड अंथरला, आणि हाताने दाबून पाहिला.