अर्ध्या बाटल्यांची पेटी

ठोंबरे काका गेल्याचं मला वडवणीच्या बाजारात कळलं. मी पेंड घेत होते. आमच्या दूध संस्थेचे जुने चेअरमन आप्पा समोरून आले आणि म्हणाले, "ठोंबरे डॉक्टर गेले परवा. लई भला माणूस." मी पोत्याचं तोंड बांधलं आणि घरी आले. ठोंबरे भले होते हे म्हणायला आप्पांना त्यांच्या मरणाची वाट बघावी लागली... माझंही फार वेगळं नाही.

काका डॉक्टर नव्हते, पशुधन पर्यवेक्षक होते. कुणी डॉक्टर म्हटलं की म्हणायचे, "डॉक्टर बीडला बसतात, मी शेणात बसतो." दुष्काळात संस्थेने चारा छावणी चालवली, तेव्हा औषधांचं काम त्यांच्याकडे होतं आणि मदतीला संस्थेची कर्मचारी म्हणून मी. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात शिंप्याची टेप दिली. छातीचा घेर, अंगाची लांबी, त्यावरून वजन आणि वजनावरून औषध. मी म्हटलं, गाय बघूनच कळतं की. "डोळ्याला गेल्या वर्षीची गाय दिसते," ते म्हणाले, "दावणीला यंदाची असते." टेपची सुरुवातीची चार बोटं फाटून गेली होती. आलेल्या मापातून तेवढी वजा करायची, हेही त्यांनीच शिकवलं. छावणीत जंतासाठी जे औषध द्यायचं, त्यात गुण येणारी मात्रा आणि बाधणारी मात्रा यांत फार अंतर नव्हतं. हाडं वर आलेल्या जनावराला तर जपूनच द्यावं लागे.

पण छावणीत चारा, पेंड, सगळं समोरासमोर मोजून पडायचं. मूठभर कमी पडलं तरी भांडण. औषधालाही लोकांनी तोच हिशेब लावला. वच्छलाबाईंचा लेक आणि सून ऊसतोडीला गेलेले, त्यांची तांबडी कालवड म्हातारीने छावणीत आणलेली. त्या एके दिवशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "डाक्टर, शेजारच्या बैलाला अख्खी बाटली अन् माझ्या कालवडीला अर्धीच कावून? म्या काय सावत्र हाय का?"

"मावशी, ही पेंड न्हाई, औषध हाय. अंगापुरतंच द्यावं लागतं."

"मग उरलेलं कुणाच्या अंगाला लागतं?"

लोक हसले. काका हसले नाहीत. उरलेली प्रत्येक बाटली ते चिठ्ठी चिकटवून लाकडी पेटीत ठेवत; पुढच्या डोससाठी, त्याच जनावराच्या नावाने. हे मला माहीत होतं. तरी आप्पांनी बैठक घेतली, ठोंबरे औषधं परस्पर लांबवतात असा अर्ज करायचं ठरलं, आणि माझं अक्षर बरं म्हणून तो मी लिहिला. माझी नोकरी आप्पांच्या हातात होती. हे कारण आहे, सबब नाही.

दोन दिवसांत काकांची बदली झाली. आप्पांनी सांगितलं, आता सगळ्यांना सारखं. पुढच्या फेरीला वच्छलाबाईंच्या कालवडीला अख्खी बाटली मी माझ्या हाताने पाजली. म्हातारी खूश. थोड्या वेळाने कालवड लाळ गाळायला लागली, मग थरथरायला, आणि दुपारच्या आत आडवी झाली ती उठलीच नाही. "उपासानं मेली, तसंच लिही," आप्पा म्हणाले. मी तसंच लिहिलं. वच्छलाबाई मलाच धरून रडल्या.

पुढे काही वर्षांनी बीडच्या एसटी स्टँडवर काका भेटले. मी म्हटलं, "काका, तो अर्ज माझ्या अक्षरात होता."

"ओळखलं होतं." मग विचारलं, "कालवडीचा घेर किती होता?"

"मी मोजला नाही."

"मी मोजलेला होता. पेटीत चिठ्ठी होती." एवढं बोलून ते लिंबागणेशच्या गाडीत चढले. पुन्हा भेट नाही.

शोकसभेत आप्पा बराच वेळ बोलले. मला दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा घसा बसलाय असं मी सांगितलं. छावणी मोडली तेव्हा काकांची पेटी मी घरी आणली, ती अजून माझ्या कपाटाखाली आहे. बाटल्या केव्हाच पुरून टाकल्या, टेप मी अजून वापरते, आणि तळाशी ती एक चिठ्ठी आहे. वच्छलाबाई, तांबडी कालवड, अर्धी बाटली, आणि खाली घेराचा आकडा... फाटलेली चार बोटं वजा करून लिहिलेला.