बेटावरचे पाहुणे

परशुराममामा बाळकुमच्या खाडीत मासे धरायचा. त्याची होडी एकट्याने वल्हवायची, जुनी, बुडाला दोनदा डांबर फासलेली. त्या होडीवर घर चालायचं. मालूमामी तीच मासळी टोपलीत घेऊन बाजारात बसायची.

खाडीत एक बेट आहे. बेट म्हणजे चिखलाचा उंचवटा आणि कडेने तिवरांची झाडी. पाऊस ओसरायला लागला की तिथे लांबून पाखरं उतरतात. काही वाकड्या चोचीची, काही बारकी, तपकिरी, चिखलावर तुरुतुरु पळणारी. गावात त्यांना खास नाव नव्हतं. मामाच्या घरात मात्र ते ‘पाहुणे’. आजोबांपासूनची रीत अशी, की पहिले पाहुणे दिसले की काही दिवस बेटाजवळ जाळं टाकायचं नाही आणि सकाळी केळीच्या पानावर भात, वर सुका जवळा, असं बेटावर ठेवून यायचं. पाखरं भात खात नाहीत. तो भात चिखलातल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, फस्त करतात. मी तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून वागळे इस्टेटमध्ये नुकताच नोकरीला लागलेलो. मामाला हे समजावून सांगायला गेलो.

“मला काय ठाव नाय?” मामा म्हणाला. “दारात आला त्याला पान वाढायचं. खातो का नाय, ते त्याचं तो बघंल.”

हे सगळं त्र्याण्णवच्या भाद्रपदात अंगाशी आलं. मार्चमध्ये मुंबईत स्फोट झाले होते, माल समुद्रावरून उतरवला होता, आणि तेव्हापासून गावात जो तो खाडीकडे डोळे बारीक करून बघत होता. अनोळखी होडी दिसली की चहाच्या टपरीवर आवाज खाली यायचे. शेजारच्या आळीतला सहदेव तर चार पोरं घेऊन बंदरावर पाळत ठेवायचा.

अशात एका सकाळी मामा खाडीवरून परत आला आणि बंदरावरूनच मामीला ओरडून म्हणाला, “भात जास्ती टाक गो! पाहुणे आले बेटावर!”

सहदेव टपरीवर बसलेला. त्याचा कप हातातच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून मामा होडीत बसला की तिवरांच्या आडून कोणीतरी बघत असायचं. जाताना होडीत झाकलेलं पान, येताना रिकामे हात. सकाळच्या त्या फेरीत मासळी नाही, जाळं कोरडं. गावाने हिशेब जुळवला. बेटावर माणसं लपलीत, आणि परशुराम त्यांना जेवण पोचवतो. मामीच्या टोपलीपाशी रोजच्या बायका येईनाशा झाल्या. शेवटी हवालदार घरी आले. मागे सहदेव.

“पाहुणे कुठले?” हवालदारांनी विचारलं.

“लांबचे, साहेब. समुद्रापलीकडचे.” मामा खोटं कशाला बोलेल?

“राहणार किती?”

“होळीपर्यंत. दरसाल तसंच असतं.”

“दरसाल!” सहदेव म्हणाला. “ऐकलं, साहेब?”

“अरे, पाखरं हायेत ती!”

“पाखरं म्हणजे कोण, ते विचारा साहेब. पाखरं कधीपासून भात-जवळा खायला लागली?”

“खात नायत ती,” मामा म्हणाला.

“मग नेतोस कोणासाठी?”

मला राहवलं नाही. मी पुढे होऊन म्हणालो, “साहेब, हे स्थलांतर आहे. ते थेट सायबेरियातून येतात.”

हवालदारांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. “रशियातून? तुझं नाव सांग.”

मामीने मला मागे ओढलं. “तू गप ऱ्हा रं, शिकलेल्या!”

मग सगळेच बेटावर निघाले. सहदेवने इंजिनाची होडी आणली. तिचा धडधडाट खाडीभर गेला, आणि आम्ही पोचायच्या आधीच दुरून एक करडा ढग उठून ठाण्याच्या बाजूला निघून गेला. कोणी तिकडे पाहिलंही नाही. सगळे तिवरांत माणसं शोधत होते. बेटावर चिटपाखरू नव्हतं. केळीचं पान होतं. त्यावरचा भात संपलेला होता.

“बघा,” सहदेव हळूच म्हणाला. “जेवून गेले.”

मामाची होडी साखळीने बांधली गेली. किल्ली हवालदारांकडे. तो हिवाळा मामाने दुसऱ्यांच्या होडीवर वल्हं मारत काढला. मामी दुसऱ्यांची कोळंबी निवडत बसायची.

सहदेव मात्र रोज सकाळी बंदरावर, बेटावर नजर लावून. माणूस काही दिसेना. पाखरं परत आली होती, तीच दिसत. एकदा त्याने मामाला वाटेत अडवलं.

“परश्या, तो वाकड्या चोचीचा एक पाय वर धरून उभा ऱ्हातो. लंगडा हाय काय?”

“झोपतो तो तसा.”

“हं,” सहदेव म्हणाला, आणि संशयाने बघत राहिला.

होळीनंतर बेट रिकामं झालं. सहदेव स्वतः चौकीवर गेला. “साहेब, परश्याचे पाहुणे गेले. होडी सोडा आता.” होडी सुटली. ती पाखरांमुळे सुटली की पळालेल्या माणसांमुळे, हे त्याने सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही.

पुढच्या भाद्रपदात मी सुट्टीच्या दिवशी बंदरावर होतो. मामा होडीत बसत होता. सहदेव पाण्यातून पाय ओढत जवळजवळ धावतच आला.

“परश्या, आले रं! मी बघितले आत्ता. बारकेवाले पयले आले!”

मामाने होडीतलं पान फळीखाली सरकवलं. वर जाळं टाकलं.

“कोण आले?” त्याने विचारलं.

“अरे, तुझे पाहुणे!”

“माझ्याकडे कोणी येत नाय, सहदेवा,” मामा म्हणाला, आणि बेटाकडे पाठ करून त्याने वल्हं उलट्या दिशेला मारलं. सहदेव वळून दिसेनासा होईपर्यंत तो तसाच लांब लांब जात राहिला. मग होडीचं तोंड हळूच बेटाकडे फिरलं.