चार कोरे चौकोन

बाळांनो, कोडं सोडवताना मध्ये कुणी हात घातलेला मला चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या आजोबांना इतक्या वर्षांच्या संसारानंतरही ठाऊक नाही.

रविवारचा इंग्रजी पेपर परतूरला उशिरा पोचतो. तो आला की मी त्याची नीट घडी घालते, पेन्सिलीला टोक करते, खोडरबर उजव्या हाताला ठेवते आणि शब्दकोड्याचा फोटो तुमच्यातल्या थोरलीला पाठवते. उभे शब्द माझे, आडवे तिचे. संध्याकाळी फोनवर दोन्ही जुळवायचे. साध्या कोड्यात नुसता अर्थ विचारतात, या कोड्यात चकवतात. सूत्राच्या एका टोकाला अर्थ असतो आणि उरलेल्या भागात शब्द कसा घडवायचा याची खूण. एकदा 'चीटर', म्हणजे फसवणारा, या इंग्रजी शब्दाची अक्षरं फिरवली आणि त्यातून चक्क 'टीचर' निघाला. मी आनंदानं आजोबांना सांगायला गेले. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेला माणूस. म्हणाले, "सूत्र चुकलंय."

अलीकडे थोरलीचा धीर सुटायला लागला होता. "आजी, उत्तर नेटवर लगेच मिळतं. बघू का?" एकदा ती सवय लागली की रविवारचा फोन 'जेवलीस का' वर संपणार, हे मला दिसत होतं. म्हणून या रविवारी माझे सगळे उभे शब्द फोनच्या आधी सोडवायचेच, असं ठरवलं. शेवटचा एक अडला. त्यातले चार चौकोन काही केल्या भरेनात. भाजी करपली, तरी भरेनात. तेवढ्यात नळाला पाणी आलं म्हणून उठले. परत येते तर चारही चौकोन निळ्या बॉलपेननं भरलेले.

"हे काय केलंत?"

"कोरं होतं. भरून टाकलं."

"अहो, पण असा शब्दच नाही इंग्रजीत."

"नसंल. कोरं सोडलं की बराबर शून्य मिळतं. कायतरी लिहिलं तर तपासणारा एखादा मार्क देतो. पोरांना हेच सांगत आलो."

"इथे तपासणारा कोण आहे?"

"कुणी न्हाई ना? मंग चिडतीस कशाला?"

मी खोडरबर घासलं. शाई गेली नाही, कागद गेला. भोकातून खालच्या पानावरची प्लॉटची जाहिरात दिसायला लागली. तेवढ्यात फोन वाजला.

"आजी, झालं?"

"नाही."

"मग बघतेच आता."

मी काही बोलायच्या आत आजोबांनी फोन ओढला. "थांब. कॉपी करायची न्हाई. पेपर अजून जमा केलेला न्हाई."

"आबा, तुम्ही काय लिहिलंत?"

त्यांनी एकेक अक्षर सांगितलं. ती हसत सुटली. मग सूत्र कसं फोडायचं ते त्यांना शिकवायला लागली, आणि ते मागच्या बाकावरच्या पोरासारखे उलट प्रश्न विचारत राहिले. किती तरी वेळ. मी भोक पडलेला पेपर घेऊन शेजारी बसले होते, माझ्याशी बोलायला कुणाला सवड नव्हती. फोन ठेवताना थोरली म्हणाली, "आजी, मी नाही बघत. तुम्ही दोघं मिळून करा."

दोघं मिळून.

आज बुधवार. शब्द सुटलेला नाही. थोरलीनंही उत्तर पाहिलेलं नाही, सकाळीच तिचा मेसेज होता, सुटला का म्हणून. आजोबा दर जेवणाला ताटावर नवा शब्द सुचवतात, एकही बसत नाही. घरातली सगळी बॉलपेनं मी कपाटात कुलपात ठेवली आहेत.