पुसायचा राहिलेला चौकोन

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत ती जुनी चित्रं साफ करायची, आणि तीही स्वतःच्या थुंकीने. ऐकणाऱ्याला किळस येते, येऊ दे बापडी. वर्षानुवर्षांचा धूर आणि चिकट मळ रंगाला धक्का न लावता उचलायचा तर कोमट लाळेचा हात धरणारं फारसं काही नाही. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर फिरवायचा, चित्रावर हलकेच लोळवायचा आणि टाकून द्यायचा. मग नवी काडी. सगळे तिला बोळेबाई म्हणत. नवरा बसचा ड्रायव्हर, आता निवृत्त. तो या कामाला ‘थुंकीचा धंदा’ म्हणायचा आणि पाहुण्यांना सांगायचा की बायको ऑफिसात आहे.

तिच्या उजव्या टॉन्सिलला कॅन्सर निघाला तेव्हा एका म्हातारीचं चित्र अर्ध्यावर होतं. म्हातारीचा एक गाल उजळला होता, दुसरा काळपटच होता.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून नीट समजावलं. गाठ अगदी कडेला असती तर किरण उजवीकडेच दिले असते आणि विषय संपला असता. पण ती थोडी मध्याकडे सरकली होती. एकाच बाजूला दिले तर डावीकडच्या लाळेच्या ग्रंथी वाचतील, तोंड बऱ्यापैकी ओलं राहील. मात्र मानेत डावीकडे काही लपलेलं असलं तर ते तसंच राहील. दोन्हीकडे दिले तर ती भीती जवळजवळ मिटते, पण तोंड बहुधा कायमचं कोरडं. निर्णय तिचा.

तिचा झालेलाच होता: एकच बाजू. लागेल तेवढंच पुसायचं, जास्त पुसलं की खालचा रंगही जातो, हे तिने आयुष्यभर भल्याभल्या साहेबांना ठणकावून सांगितलं होतं. घरी आल्यावर नवरा बूटही न काढता खुर्चीत बसला आणि म्हणाला, “मला गॅस पेटवता येतो, पुढचं काही येत नाही. तू गेलीस तर मी एकटा नाही गं राहू शकणार. दोन्ही बाजू करून टाक.”

साहेबांना न जुमानणारी बाई इथे हरली. दोन्ही बाजू झाल्या. जाळीच्या मुखवट्याने डोकं टेबलाला जखडायचे, घसा आतून सोलून निघायचा, पाण्याचा घोटही नकोसा व्हायचा. रोग गेला. तोंडचं पाणी पळालं असं आपण उठसूट म्हणतो. तिचं खरंच पळालं आणि परतलं नाही. पावाचा तुकडा टाळूला चिकटून बसायचा. कामावर रुजू झाली आणि पहिलीच काडी जिभेवरून कोरडीच्या कोरडी निघाली. त्या दिवशी घरी येऊन ती नवऱ्याशी बोलली नाही. पुढे बरेच दिवस बोलली नाही. जीव वाचल्याचा राग येतो, हे कुणाला सांगणार?

एके दुपारी नवरा तिच्या कामाच्या खोलीत हजर. दाढी केलेली, चार वेळा चूळ भरलेली. शेजारच्या स्टुलावर बसला आणि तोंड उघडून म्हणाला, “घे. माझी चालते का बघ.”

चालली. म्हातारीचा दुसरा गाल हळूहळू वर आला. तिला हसू आलं आणि वाईटही वाटलं; इतकी वर्षं जिचा तोरा मिरवला ती थुंकी कुणाचीही चालते, हे तिला आजच कळत होतं. मग तो रोज येऊ लागला. काडी ओली करून द्यायचा, टक लावून बघायचा आणि मध्येच “तिथे कानाजवळ राहिलंय” म्हणून अक्कल शिकवायचा. ती त्याच्याशी पुन्हा भांडू लागली, म्हणजे सगळं सुरळीत झालं.

चित्रातला फक्त हात उरला होता. त्या सकाळी तिच्यासोबत निघायचं म्हणून तो बूट घालायला वाकला आणि वाकला तो उठलाच नाही. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. त्याला एकटं राहावं लागू नये म्हणून तिने दोन्ही बाजू दिल्या होत्या. आता एकटी राहिली ती, ठणठणीत बरी होऊन.

चित्रातला हात तिने बाटलीतल्या औषधाने पुसला. या कामात नखाएवढा मळ मुद्दाम ठेवतात, मूळ चित्र किती काळवंडलं होतं ते पुढच्यांना दिसावं म्हणून. तिने मनगटाशी तळव्याएवढा चौकोन ठेवला. साहेब चित्र बघायला आले, तो बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. एवढं पुसायचं राहिलंय, म्हणाले.

तिने पाण्याच्या बाटलीतून एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला.

“राहू द्या,” ती म्हणाली. “ते ह्यांचं काम होतं.”